शर्तीचा रकाना

गेल्या महिन्यात ब्लाउज टाकायला गेले आणि चांगलीच तोंडावर आपटले...

पनवेलच्या जुन्या बाजारामागे जुबेदाखालांचं घर आहे. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागे संसार. गेली अठरा वर्षं माझी मापं त्यांच्या वहीत आहेत, दरवर्षी वाढत गेलेली.

त्यांची नात सना नर्सिंग करते, शेवटचं वर्ष राहिलंय. मी गेले की आधी माझं बीपी बघते आणि मग मला मिठावरून रागावते. त्या दिवशी मात्र कोपऱ्यात गप्प बसून हुक लावत होती. तिचं लग्न ठरलं होतं, मुलगा उरणला पोर्टवर क्रेन चालवतो. आणि कॉलेज बंद करायचं घाटत होतं.

झालं! माझी जीभ कुठली थांबतेय... आठवड्यापूर्वीच आमच्या वाचनगटात मुस्लिम बायकांच्या हक्कांवर तावातावाने बोलून टाळ्या घेतल्या होत्या, तो जोर अजून उतरला नव्हता. "काय हो खाला, तुमच्यात मुलींना शिकूच देत नाहीत का?" बोलून मोकळी झाले.

खालांनी मशीन थांबवलं नाही. शिवण पुरी केली, दोरा दातांनी तोडला आणि विचारलं, "तुझी आई कितवी शिकली गो?"

चौथी. आजी उरणला मासळीची पाटी घेऊन बाजारात बसायची, घरात धाकटी तीन भावंडं. त्यांना सांभाळायला आजोबांनी आईला शाळेतून काढलं. मी म्हटलं, "तेव्हा परिस्थितीच तशी होती."

"म्हंजे तुमच्यात ती परिस्थिती, आन् आमच्यात झाली की तो धर्म?"

मी मापाची टेप गुंडाळायला घेतली.

सनाचा बाप टेम्पो चालवायचा. कंबर गेली, पाच महिने अंथरुणाला खिळलाय. आपल्याला आणखी काही व्हायच्या आत मुलीचं उरकून टाकू, एवढाच त्याचा हिशोब होता. माझ्या आजोबांनी तरी वेगळं काय केलं होतं?

मग खाला बगदादबद्दल बोलल्या. लग्नानंतर त्या नवऱ्याबरोबर पाच वर्षं तिथे होत्या, तो बांधकामावर फिटर होता. मला अठरा वर्षांत हे माहीत नव्हतं... मी कधी विचारलंच नव्हतं.

खालच्या मजल्यावर एक शाळामास्तरीण राहायची. स्वतःची गाडी चालवायची. खालांना शिवणकाम तिनेच शिकवलं. खाला परत आल्यावरही पत्रं यायची. तिची मोठी मुलगी इंग्रजीत लिहायची आणि खालांचे मिस्टर वाचून दाखवायचे.

मग नव्वद साली मोठ्या देशांनी नाकेबंदी केली, बाहेरचा माल बंद, आणि पाठोपाठ लढाई. पगारात आठवड्याचं पीठ येईना. मास्तरणीने गाडी विकली, मोठीची शाळा सुटली आणि एका वयस्क माणसाशी तिचं लग्न लावून दिलं. पुढे पत्रंच थांबली.

"कुराण तेच होतं गो. पीठ संपलं होतं," खाला म्हणाल्या. "नंतर टीव्हीवर सांगतात, आमी बायकांना आझाद करायला बॉम्ब टाकतो. आधी शाळेचं छप्पर उडवायचं, मंग आझाद करायचं!" जरा थांबून म्हणाल्या, "आमचे पुरुष काय संत नाय. त्यांना मी सोडत नाय. पण सगळं पाप त्यांच्या दाढीला नको चिकटवू."

"मग सनाचं काय?" मी हळूच विचारलं.

तेव्हा कळलं की निकाहनाम्यात एक रकाना असतो, शर्तीचा. मुलगी आपली अट लिहू शकते. पण अट घालणारी सून तोंडाळ म्हणून सगळेच त्यावर आडवी रेघ मारतात. खालांच्याही रकान्यात रेघच होती. "ती रेघ अल्लाने नाय मारली," त्या म्हणाल्या. नवऱ्यामुलाशी बोलून त्यांनी सनाची अट ठरवून टाकली होती.

गेल्या रविवारी सुकापूरच्या एका हॉलमध्ये निकाह झाला. मी बायकांच्या बाजूला, सनाला अगदी खेटून बसले होते. वकील म्हणून, म्हणजे नवरीची संमती विचारायला, तिचे मामा दोन साक्षीदारांसह कागद घेऊन आले... आणि शर्तीच्या रकान्यावर सवयीप्रमाणे रेघ मारलेली!

सनाने पेन हातात घेतलं, पण सही करेना. मामांनी दोनदा विचारलं, ती मान खाली घालून तशीच.

"दुसरा कागद आणा," खाला म्हणाल्या. पडद्यापलीकडे मुलाचे काका कडाडले, "लगीन हाय का कोर्टकचेरी?" मग एक तरुण आवाज आला, थोडा कापरा, "काका, मी हो बोललोय तिला. नवा फॉर्म घ्या."

नवा फॉर्म आला. सनाने स्वतःच्या हाताने लिहिलं, शिक्षण पूर्ण करीन, त्याची जबाबदारी नवऱ्याची, आणि नोकरी करीन. मग तिने "कुबूल" म्हटलं. एवढ्या मोठ्याने की पलीकडचे हसले. मी मात्र रडत होते, मेकअपसकट.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हटलं, "आई, तुझ्या लग्नात असा रकाना असता तर काय लिहिलं असतंस?"

मला वाटलं, हसून उडवून लावील. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"लग्नात कशाला? त्याच्या आदीच लिवलं असतं, पाचवीत बसवा म्हून. पुस्तकं घेतलेली होती गो."

खाला, तुमची माफी मागायची राहिलीय. ब्लाउज न्यायला येईन तेव्हा आईलाही घेऊन येते.