मी नेलेली एकच ओळ

आज वॉर्डात माझ्या हाताखाली शिकणारी एक मुलगी शिफारसपत्रासाठी आली आणि दारातच घुटमळली. मला पंचवीस वर्षांपूर्वीची मीच दिसले.

आमच्या नाशिक रोडच्या कॉलेजात पत्राचा मसुदा आपणच लिहून न्यायचा, सरांनी फक्त सही करायची, अशी पद्धत होती. मेडिकलच्या शिष्यवृत्तीसाठी मी लाजत एकच ओळ लिहून नेली: ‘ही विद्यार्थिनी नियमित हजर असते.’

जीवशास्त्राच्या सरांनी ती वाचली. “अगं, बेडूक चिरताना चक्कर आलेल्या मुलीला कोणी सावरलं? तेही मीच लिहू का?”

आणि खरंच लिहिलं, पानभर. त्यांच्या हातांना फॉर्मॅलिनचा वास येत होता. तोवर मागच्या बाकावर बसून मला वाटायचं, आपण कुणाला दिसतच नाही.

आजच्या मुलीनंही आणलेला मसुदा उघडला. दोनच ओळी होत्या. “बस इथे,” तिला म्हटलं, आणि कोरा कागद पुढे ओढला.