व्याह्यांच्या आडनावाची ढाल

गेल्या वर्षी ८ मार्चला, शनिवारी, आमच्या ॲरिझोनातल्या चँडलरच्या घरी मुलीच्या लग्नाची बोलणी झाली. हजर आम्ही दोघं, मुलगी, होणारा जावई आणि त्याचे आईवडील. एकूण खर्च ठरला अठ्ठावीस हजार डॉलर, दोन्ही घरांनी निम्मा निम्मा. मी रीतसर लग्नाची याद लिहिली, दोन प्रती काढल्या, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. व्याह्यांना गंमत वाटली, पण त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढून सही केली. जावयाची एकच अट होती. त्याच्या सांगण्यावरून ती मी शेवटच्या ओळीत घातली: आजी आल्याशिवाय लग्न नाही. आजी म्हणजे व्याह्यांची आई, वय अठ्ठ्याऐंशी, मॅसॅच्युसेट्समधल्या एका जुन्या गिरणीच्या गावात एकटी राहणारी. इतक्या लांब यायला ती कशीबशी तयार झाली होती.

सह्या झाल्यावर मी भेटवस्तू काढली, आणि पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

त्यांचं आडनाव फ्रेंच. आपल्याकडे आडनाव कळलं की मूळ गाव विचारतात, गावावरून कुलदैवत. आमच्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, त्यामुळे गाव नावातच आलं. मी जावयाला मूळ गाव विचारलं होतं. तो म्हणाला, "डॅडना विचारा, ते म्हणतील फ्रान्स." म्हणून मी इंटरनेटवर शोधलं. आडनावांचा इतिहास विकणारी एक कंपनी सापडली. एकशे एकोणनव्वद डॉलरांत घराण्याचं मानचिन्ह असलेली ढाल फ्रेमसकट आली. ढालीवर दोन सिंह, खाली नॉर्मंडीतला किल्ला आणि एका सरदाराची हकीगत. आधाराला एकही कागद दिलेला नव्हता, हे माझ्या लक्षात आलं होतं. ऑफिसात असा रिपोर्ट मी परत पाठवला असता. पण भेटवस्तूला कोण पुरावे मागतं, असं म्हणून मी ती गुंडाळली.

व्याह्यांना ढाल फार आवडली. त्यांनी तिथल्या तिथे फोटो काढून आईला पाठवला आणि खाली लिहिलं की आपण सरदार निघालो.

मंगळवारी संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, ग्रँडमा येत नाहीये. म्हणते, किल्लेवाल्यांच्या लग्नात माझं काय काम? आणि तो डेट पोस्टपोन करायला निघालाय. ही इज सीरियस, बाबा."

बायको शांतपणे म्हणाली, "दुधाचं बिलसुद्धा दोनदा तपासतोस. आणि हे बरं, न तपासता लोकांच्या भिंतीवर."

मी याद काढून पुन्हा वाचली. शेवटची ओळ माझ्याच अक्षरात होती. हॉलचं डिपॉझिट परत मिळणार नव्हतं, पण तो आकडा सोसण्यासारखा होता. मला सारखा ऐकू येत होता मुलीचा आवाज. जावई शब्दाचा पक्का. आजीचं मन वळेपर्यंत तो थांबणार, आणि आजीचं वय अठ्ठ्याऐंशी. तिला काही झालं असतं तर त्या घरात माझ्या मुलीकडे कोणत्या नजरेने पाहिलं गेलं असतं, हा विचार जेवतानाही यायचा. व्याह्यांनी आईला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तिने मधेच ठेवून दिला. ते मला म्हणाले, वय झालंय, सोडून द्या. मला सोडता येईना.

रविवारी मीच आजीला फोन केला.

"तुम्हीच का ते किल्ला देणारे इंजिनिअर?" तिने विचारलं.

हो म्हणालो. मग आमच्यात आडनावावरून गाव कसं कळतं ते सांगितलं. मला त्यांचं गाव हवं होतं, मोठेपणा नको होता, असंही सांगितलं. ठेवला फोन, असं वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं. मग ती बोलू लागली.

त्या घराण्यातला पहिला माणूस फ्रान्समधून कॅनडाला गेला तो साधा शिपाई म्हणून, साडेतीनशे वर्षांपूर्वी. पलटणीत एकाच नावाचे बरेच, म्हणून कप्तानाने एकेकाला टोपणनाव चिकटवलं. याच्या वाट्याला एका फुलाचं नाव आलं. खरं नाव मागे पडलं, टोपणनावच आडनाव झालं, गाव तर कोणालाच माहीत नाही. पुढे तिथेच, क्विबेकमध्ये, पिढ्यान्‌पिढ्या शेती केली, वाटण्या होत होत जमीन पुरेनाशी झाली, तेव्हा तिच्या सासऱ्यांचे आईवडील पोरंबाळं घेऊन आगगाडीने मॅसॅच्युसेट्सला आले, कापडाच्या गिरणीत. तिथे मुकादम त्या फुलाच्या नावाला हसायचा. शेजारपाजारच्यांनी इंग्रजी नावं घेतली आणि त्यांना बरी कामं मिळाली. तिच्या सासऱ्यांनी नाव बदललं नाही. ते जन्मभर गाठोडी वाहत राहिले.

"हे नाव ठेवायची किंमत त्यांनी पगारातून दिली," ती म्हणाली. "आता माझाच मुलगा म्हणतो, ते किल्ल्यातून आलं. मग गाठोडी वाहणारा तो माणूस कोण होता?"

मी एवढंच म्हणालो की ढाल मी परत आणतो.

"तुम्ही नको. ज्याने लावली त्याने काढावी." थोडं थांबून तिने विचारलं, "आणि तुमचं ते गाव कसं आहे?"

मी ते पाहिलेलं नाही, असं सांगितलं. पणजोबांनी सोडलं. का सोडलं, ते सांगणारं आता कोणी नाही.

"मग तुमचंही नावच राहिलंय," ती म्हणाली, आणि हसता हसता तिला खोकला आला.

येते असं मात्र म्हणाली नाही. मी लगेच व्याह्यांना फोन लावला आणि तिने सांगितलं तसं सगळं सांगितलं. गाठोड्यांबद्दल त्यांनी कधीच ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक फोटो पाठवला: भिंत आणि रिकामा खिळा. तोच फोटो आईलाही पाठवला होता. त्यानंतर दोन आठवडे कुठूनच काही नाही. फोन वाजला की मी आधी नंबर बघायचो. शेवटी जावयाचा मेसेज आला: आजीने तिकीट काढलं, स्वतःच्या पैशांनी, कडेची सीट.

नोव्हेंबरात लग्न झालं. आजेसासूचा मान म्हणून बायकोने तिला साडी दिली आणि मी पाकीट दिलं. तिने सगळ्यांसमोर पाकीट उघडून मोजलं.

"पन्नास समजले. वरचा एक कशाला?"

हिशोब पुरा होऊ नये, जाणं-येणं चालू राहावं म्हणून, असं मी सांगितलं. तिने ती एक डॉलरची नोट वेगळी काढली, घडी केली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

ढालीचे एकशे एकोणनव्वद डॉलर परत मिळाले नाहीत. खरे पोचले ते एकावन्नच, आजेसासूच्या हातात दिलेले.