नाना आले का?

मोकळेदादा कुणाच्याही घरात शिरला की आधी माणसांकडे बघत नसे, सामानाकडे बघे. पाण्याचा पेला हातात येईपर्यंत त्याने मनातल्या मनात दोन खुर्च्या, एक फडताळ आणि भिंतीवरची निम्मी कॅलेंडरं घराबाहेर काढलेली असत. मग हळूच विचारी, "हे इथे नसतं तर?" त्याचं खरं नाव प्रभाकर, माझा चुलतभाऊ. 'मोकळं' हा शब्द तोंडात इतका बसलेला, की बनारसमधल्या आम्हा भावंडांत तो मोकळेदादाच झाला. त्याचे वडील लवकर गेले, म्हणून तो आमच्याच घरात, नानांच्या म्हणजे माझ्या वडिलांच्या हाताखाली वाढला. पुढे मुंबईत घरांची अंतर्गत सजावट करण्यात त्याने नाव काढलं. 'सजावट' म्हटलेलं मात्र त्याला खपत नसे. "सजवायची ती लग्नातली घोडी. मी घर मोकळं करतो," म्हणे.

एका हिवाळ्यात त्याची नजर आमच्याच घरावर पडली. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीतलं आमचं बिऱ्हाड, पहिल्या मजल्यावरची एकच मोठी खोली सगळ्यांची. तिच्यात नानांची खाट, सागवानी कपाट, मुलींचं अभ्यासाचं टेबल, बायकोचं शिलाई मशीन आणि देशाकडून काशीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी गाद्यांची चळत. दादाचं म्हणणं, तीन पिढ्यांना एका छताखाली सुखाने राहायचं असेल तर माणसांनी नाही, सामानाने मागे सरावं. आम्हाला ते एकदम पटलं. आई तेव्हा हयात नव्हती. नाना संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा दिनक्रम ठरलेला. पहाटे एकट्याने पंचगंगा घाटावर स्नान, मग दिवसभर खाट. "कर बाबा तुझं मोकळं," ते म्हणाले. त्यांनी दादाला कधी कशाला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.

महिन्याभरात खोली ओळखू येईना. पांढऱ्या भिंती, मुठी नसलेली कपाटं, गाद्या भिंतीच्या पोटात, नानांची खाट पार खिडकीकडे आणि मध्ये नुसती फरशी. बरोबर मधोमध एक पिस्त्याच्या रंगाचा खांब. तो छतापर्यंत पोहोचतच नव्हता. नानांनी त्याला चारी बाजूंनी हात लावून पाहिला.

"हा काय धरून ठेवतो रे?"

"काही नाही, नाना. नुसता आहे. याला पोस्टमॉडर्न म्हणतात."

"म्हणजे रिटायर," नाना म्हणाले आणि आम्ही पोट धरून हसलो.

पुढचं मला फार उशिरा कळलं, पण ते इथेच सांगायला हवं. काम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मी बँकेत होतो, मुली शाळेत, बायको गच्चीवर. दादा नव्या खुर्चीत बसून स्वतःच्या कामाकडे कौतुकाने बघत चहा पीत होता. नाना खाटेवरून उठले, चार पावलं आले आणि थांबले. हात पुढे करून त्यांनी विचारलं, "कोणी आहे का इथे?" दादा त्यांच्यासमोर होता, हातभर अंतरावर. त्याला आधी थट्टाच वाटली. मग नाना चाचपडत खांबापाशी गेले आणि त्याला धरून उभे राहिले, तेव्हा त्याच्या हातातली बशी निसटली.

नानांची नजर गेलेली होती. उजेड आणि अंधार यापलीकडे त्यांना काही दिसत नव्हतं. खाटेच्या दांडीवरून कपाटाची मूठ, तिथून टेबलाचा कोपरा, तिथून दार, पुढे गल्लीची भिंत आणि पायांना पाठ असलेल्या पायऱ्या, असे ते रोज गंगेपर्यंत जात. आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. दादा रडायला लागला, तर नानाच त्याची समजूत काढायला लागले. "तू कशाला परेशान होतोस? मी कुणाला सांगितलंच नाही, तर तुला कसं पता लागणार? पण बोलू नकोस हं कोणाला. माझं घाटावर जाणं बंद करतील रे."

दादाने शब्द दिला आणि त्या शब्दाने त्याला धरून ठेवलं. दुसऱ्या पहाटे तो लपून त्यांच्या मागे गेला. शेवटच्या निसरड्या पायऱ्यांवर एक नावाडी नुसतं "गुरुजी, राम राम" म्हणाला आणि नाना त्या आवाजाच्या रोखाने नीट उतरले. नावाड्यांना सगळं ठाऊक होतं, घरच्यांनाच काय ते नव्हतं.

त्याच दिवशी दादा गंगेपलीकडे रामनगरला गेला. आमचं जुनं कपाट त्याने तिथल्या मिस्त्रीला देऊन टाकलं होतं, ते परत मागून नावेत घालून आणलं. मग टेबल आलं, खाट जुन्या जागी सरकली, मधला खांब तेवढा राहिला. मी वैतागलो. हे काय चाललंय, म्हणून विचारलं, तर खाली बघत म्हणाला, "डिझाइन चुकलं माझं." मी त्याला बायकोसमोर, मुलींसमोर वाटेल तसं बोललो. दुसऱ्यांची घरं मोकळी करणाऱ्याला आपलं जमलं नाही, असं नातेवाइकांत सांगत हसलोसुद्धा.

मुंबईला गेल्यापासून त्याचा रोज सकाळी फोन यायला लागला. ना नमस्कार, ना खुशाली. "नाना आले का?" एवढंच विचारी. "आले" म्हटलं की पलीकडे एक लांब श्वास ऐकू येई आणि फोन बंद. कधी नाना रेंगाळले आणि मी "अजून नाही" म्हटलं, तर पुन्हा पुन्हा फोन. पावसाळ्यात गंगा चढली की विचारता सोय नाही. आम्ही त्याची नक्कल करायचो. मुली तर हिंदीत म्हणायच्या, काका का अलार्म बज गया.

दोन वर्षांनी नाना गेले ते घाटावर नाही, घरातच, थंडीतापाने. तेराव्याला जेवणाची पानं उठल्यावर दादाने मला खांबापाशी बोलावलं आणि सगळं सांगितलं. मी त्याच्यावर भडकलो. आंधळ्या माणसाला त्या पायऱ्यांवर रोज एकटं जाऊ दिलंस आणि मला, पोटच्या मुलाला, चकार शब्दाने सांगितलं नाहीस? काही झालं असतं तर?

"सांगितलं असतं तर तू त्यांना घरात बसवलं असतंस," तो म्हणाला. "आणि घर तर त्या दिवशी मी रिकामं करून ठेवलं होतं. त्यांना पाय ठेवायला फक्त घाट उरला होता. तोही मीच काढून घेऊ?" मग म्हणाला, "रोज सकाळी वाटायचं, आज मी त्यांना मारलं."

तो परत निघाला तेव्हा मी स्टेशनवर पोहोचवायलाही गेलो नाही. माझा राग दादावर होता की दोन वर्षं त्याच घरात राहून काही न दिसलेल्या माझ्यावर, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

चारपाच दिवसांनी सकाळी, नेहमीच्याच वेळेला, फोन वाजला. मी उचलला. पलीकडे कोणी बोलेना, नुसता श्वास.

"दादा?"

"सवयीने लागला रे. ठेवतो," तो कसाबसा म्हणाला.

समोर तो खांब होता. नानांच्या हाताच्या उंचीवर त्याचा रंग उडाला होता.

"थांब, दादा," मी म्हणालो. "नाना आले."