उजव्या पायाचं लेकरू पाहिजे

एका अनोळखी माणसाच्या मुलाचा उजवा पाय अधू आहे हे कळल्यावर मी त्या माणसाचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणालो, "वा, लय बरं झालं."

हे जालन्यात, दवाखान्याच्या व्हरांड्यात, भरदुपारी आणि पूर्ण शुद्धीवर असताना घडलं. तो माणूस बाकावर बसला होता, मांडीवर मुलगा होता, मुलाच्या पायात कॅलिपर होतं. मी आधी अगदी सभ्यपणे विचारलं होतं, कोणता पाय? तो म्हणाला, उजवा. पुढचं माझ्या तोंडातून आपोआप गेलं. त्याच्या बायकोनं मुलाला ओढून पदराखाली घेतलं. आणि माझी बायको सुमन, जी एवढा वेळ माझ्या शेजारी बसली होती, ती उठून भिंतीजवळ गेली आणि लसीकरणाचं पोस्टर वाचू लागली. (मी कुठं काय बोलणार याचा तिला सहसा आधीच अंदाज येतो. त्या दिवशी आला नाही, एवढंच.)

आता माझी बाजू ऐका.

आमची रेणू सात वर्षांची. जन्मली तेव्हा रडायला तिनं फार उशीर केला, आणि त्या उशिराची शिक्षा एकट्या डाव्या पायाला झाली. पाऊल खाली लोंबतं, टाच टेकत नाही. म्हणून कॅलिपर. तळव्यापासून पोटरीपर्यंत पांढरं प्लॅस्टिक, वरून पट्टे. ते घातलं की पोरगी चालते, नाही घातलं की पडते. इथवर सगळं सोपं आहे. पण कॅलिपरवर बूट घालावाच लागतो, नाहीतर फरशीवर घसरतं. आणि कॅलिपर घातलेला पाय हा पाय राहत नाही, तो पायाचा थोरला भाऊ होतो! त्याला बूट दोन नंबर मोठा लागतो, रुंद लागतो, आणि पार बोटांपर्यंत उघडणारा लागतो. उजवा पाय मात्र आपल्या वयाप्रमाणे वागतो.

मी अंकुशनगरला कारखान्याच्या वजनकाट्यावर असतो. उसानं भरलेली ट्रॉली नुसती बघून वजन सांगतो. पोरीच्या पायाचं माप मात्र मला घेता आलं नाही. आमच्याकडे बूट आणायला लेकराला नेत नाहीत. ते झोपलं की तुरीची काडी पायाला लावायची, टाचेपासून अंगठ्यापर्यंत मोडायची आणि खिशात घालून बाजार गाठायचा. माझ्या वडिलांनी माझी काडी अशीच नेली. मीही रेणू दुपारची झोपलेली पाहून मोठ्या प्रेमानं दोन काड्या मोडल्या आणि जालन्याहून बूट घेऊन आलो. पोरगी झोपताना कॅलिपर काढून ठेवलेलं असतं, हे घरी आल्यावर लक्षात आलं. तेही सुमनच्या.

दुसऱ्या खेपेला पोरीलाच नेलं. दुकानदार भला माणूस. बूट चढेना, तेव्हा त्यानं आत पावडर टाकली, मागून चमचा लावला, शेवटी गल्ल्यावरून उठून स्वतः खाली बसला. गिऱ्हाइकं जमली. एकजण म्हणाला, खोबरेल लावा. एकानं बैलाच्या खुराला लोखंडी पत्री ठोकताना पाय कसा दाबून धरतात ते करून दाखवलं. एका मावशींनी आख्खा बूटच कापून वरून शिवायचा सल्ला दिला. रेणू माझा खांदा धरून उभी होती. आपल्यामुळं सगळ्यांना त्रास होतोय, अशा चेहऱ्यानं ती एकेकाकडे बघून हसत होती. शेवटी मोठ्या नंबरचा चढला. मी म्हटलं, डावा ह्यातला द्या, उजवा त्या बारक्यातला.

"दादा, जोड फोडता येत न्हाई," दुकानदार म्हणाला. "ऱ्हायलेला मी कुनाला इकू?"

बराबर होतं त्याचं. दोन्ही जोड घेतले. तेव्हापासून दर खेपेला दोन जोड घेतो आणि दर खेपेला घरात एक जोड उरतो. डावा लहान, उजवा मोठा. कोरा करकरीत, आणि ह्या घरात नसलेल्या लेकराचा!

सुमन ते टाकू देत नाही. पलंगाखाली ओळीनं लावते. झाडताना मोठे उजवे ती केरसुणीनं बाजूला सारते, लहान डावे मात्र हातानं उचलते, खालचं झाडते आणि परत होते तिथं ठेवते. असं का, म्हणून एकदा विचारलं. मग मीच वाकून बघितलं, आणि तिथंच बसून राहिलो. पाय बरा असता तर रेणूनं जे घातले असते, ते सगळे बूट तिथं होते. अगदी पहिल्यापासून, लहानाचे मोठे होत गेलेले. त्यानंतर मी पलंगाखाली वाकलो नाही. (माझी कंबरही दुखते.)

रेणूला हे काही माहीत नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं की ज्याचा उजवा पाय असा आहे, त्याला हे बूट नेमके बसतील. म्हणजे तो आहेच, फक्त आई-पप्पांना सापडत नाही. "त्यो कुठं राह्यतो?" ती विचारायची. शाळेतल्या मैत्रिणींना तिनं त्याच्याबद्दल सांगूनही टाकलं होतं. मलाही ते पटलं. असं लेकरू सापडलं तर दोन घरांनी मिळून दोन जोड घ्यायचे, एक मोठा, एक लहान. मोठ्यातला डावा आपला, उजवा त्यांचा. लहानातला उजवा आपला, डावा त्यांचा. एकही बूट पलंगाखाली जाणार नाही. पायाचं मला काहीच करता येत नव्हतं. हे करता येण्यासारखं होतं.

मी कामाला लागलो. काट्यावर ट्रॉली चढली की वजन करता करता विचारायचो, तुमच्याकडं कुणाचं उजव्या पायाचं लेकरू हाय का? ट्रॅक्टरवाले आधी हसायचे. काट्यावरच्या माणसाला ऊन लागलंय अशी बातमी आसपासच्या गावांत पसरली, ती ऐन थंडीत. राजूरला चतुर्थीला गेलो तर तिथंही गणपतीपुढं तेच. बाहेर आल्यावर सुमननं विचारलं, एवढा येळ काय मागत होता? मी सांगितलं. ती चालायची थांबली.

"तुमी देवाला दुसऱ्याच्या लेकराचा पाय मागितला?"

"नवा कर म्हणलो न्हाई. असलेला दाखव म्हणलो."

परतीच्या बसमध्ये ती दुसऱ्या सीटवर जाऊन बसली.

तर एवढं सगळं करून झाल्यावर त्या व्हरांड्यात मला उजवा पाय दिसला. तुम्हीच सांगा, माणूस काय बोलेल? (तुम्ही काही वेगळं बोलला असता, हे मला मान्य आहे.)

शेवटी पोस्टर संपवून सुमन परत आली, त्या बाईशेजारी बसली आणि सगळं समजावून सांगितलं. मला गप्प बसायला सांगितलं होतं. त्या माणसाचं नाव साळूबा. भोकरदनकडचा, घरची मेंढरं, थोडी शेती. त्यानं सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "मंग ठीक हाय. मला वाटलं, पाव्हणे सोताच इलाजाला आल्ते."

त्यांची रीत आमच्याहून साधी होती. तो एकच मोठा जोड घ्यायचा आणि डाव्या बुटात चिंध्या कोंबायचा. त्यामुळं ओंकार, त्याचा मुलगा, उजव्या पायानं कॅलिपरमुळं लंगडायचा आणि धडधाकट डाव्या पायानं चिंध्यांमुळं. आम्ही दोघांना बाकावर समोरासमोर बसवलं आणि तळव्याला तळवा लावला. डावं कॅलिपर उजव्या कॅलिपरला, चांगला पाय चांगल्या पायाला. केसभर फरक नाही. रेणूनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तूच का त्यो?"

ओंकार म्हणाला, "हां." कोण ते त्यानं विचारलंच नाही.

ठरलं असं की येत्या चतुर्थीला राजूरलाच भेटायचं. साळूबा नवा मोठा जोड आणणार, मी नवा लहान. शिवाय घरात साठलेले सगळे न्यायचे, हा रेणूचा हुकूम. ओंकारला होतील ते ओंकारला, बाकीचे साळूबा बघून घेईल. पोरीनं एकेक बूट पुसून दिला. मी ते खताच्या पोत्यात भरले. आता बॅग नव्हती का घरात? होती. पण पोतं सोयीचं वाटलं.

चतुर्थीची राजूरची गर्दी. सुमन आणि रेणू दर्शनाच्या रांगेत लागल्या, आणि मी साळूबाची वाट बघत बसलो. कुठं बसलो? जिथं लोक चपला काढतात, तिथं. लहान मुलांच्या बुटांचं पोतं मांडीशी घेऊन!

थोड्याच वेळात एक बाई आपल्या पोराचा बूट शोधत आल्या. त्यांची नजर पोत्यावर गेली.

"काय हाय ह्यात?"

"बूट."

"कुनाचे?"

"तसे कुनाचेच न्हाईत." (हे उत्तर चुकलं.)

तेवढ्यात त्यांचे यजमान आले, आणखी चौघं आले. जोड्या दाखवा म्हणाले. मी म्हटलं, जोड्या लागत न्हाईत. (हेही चुकलं.) कुणीतरी पोतं उलटं केलं. सगळे डावे लहान, सगळे उजवे मोठे. लोक बघत राहिले. मी समजावून सांगायला लागलो, पण कॅलिपर, काडी, दुकानदार, उजव्या पायाचं लेकरू हे सगळं गर्दीत उभं राहून भराभर सांगितलं की खोटंच वाटतं. मलाच वाटायला लागलं होतं. नारळाच्या दुकानातली म्हातारी पुढं झाली, दोन बूट शेजारी शेजारी धरून बघितले आणि म्हणाली, "आगं बाई, ह्यो कसला चोर. ह्याला जोड बी धड उचलता येत न्हाई."

साळूबा आला म्हणून वाचलो. ओंकार त्याच्या खांद्यावर होता. "आमचे पाव्हणे हायेत ते," एवढंच तो म्हणाला आणि लोक पांगले. म्हातारी मात्र शेवटपर्यंत माझ्यावर नजर ठेवून होती.

रेणूही दर्शन करून आली आणि सरळ ओंकारजवळ जाऊन बसली. साळूबानं पिशवीतून नवा मोठा जोड काढला. मी माझा लहान डावा घेतला, ओंकारपुढं बसलो आणि त्याचा चांगला पाय हातात घेतला.

"ऱ्हाऊ द्या, पाव्हणं," साळूबा म्हणाला. "डाव्यालाबी कॅलिपर सांगितलंय आता डाक्टरनं. परवाच माप देऊन आल्तो."

बाजारभाव सांगावा तसं त्यानं सांगितलं. मी ओंकारचा पाय हातात धरून तसाच बसलो. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याचा भरवसा नव्हता, म्हणून मिटून ठेवलं. म्हणजे आता त्याला दोन्ही मोठे लागणार. त्याचा जोड त्यालाच पुरा. तरी साळूबा मोठा डावा माझ्यापुढं धरून होता. घ्या, बोललो व्हतो, म्हणाला. मी म्हटलं, बिलकुल न्हाई, पोराला ठेवा. तो माझ्या हातात कोंबायचा, मी त्याच्या पिशवीत कोंबायचो. त्यात जरा ओढाताण झाली.

"बघा," म्हातारी म्हणाली, "आता वाटनीवरून लागली."

सुमननं आमच्या दोघांच्या हातातून बूट काढून घेतला आणि ओंकारच्या पायाशी उजव्याशेजारी ठेवला. ओंकार खूश होता. तो रेणूला दाखवत होता की आता त्याचे दोन्ही सारखे येणार, एकाच डब्यातले, दोन्ही एकाच नंबरचे. चिंध्या घालायच्या नाहीत, काही नाही. रेणूनं त्या जोडाकडं बघितलं. मग आपल्या पायांकडं बघितलं.

"पप्पा," ती म्हणाली, "मलाबी दोनी पायाला पाह्यजे."

साळूबा उगाचच पिशवीचं तोंड बांधायला लागला. त्याची बायको सोबत नव्हती, ते बरं झालं. सुमननं प्रसादाचा पेढा मोडला आणि दोन्ही पोरांच्या तोंडात एकेक तुकडा घातला.

सगळे मोठे उजवे साळूबाला दिले. तेवढे तरी कामाला आले. निघताना त्यानं ओंकारला खांद्यावर घेतलं आणि रेणूच्या डोक्यावरून हात फिरवला. लहान डावे परत पोत्यात भरले. त्यात एक नवाही होता.

जालन्याहून अंबडची बस धरली. सुमनच्या मांडीवर रेणू, माझ्या मांडीवर पोतं. रेणू खिडकीतून ऊस मोजत होती, मग मोजता मोजता झोपली. सुमननं तिचं कॅलिपर सोडलं आणि मोजा खाली करून पोटरीवरच्या लाल खुणेवरून अंगठा फिरवत राहिली. मी पोत्याचं तोंड उघडून त्यात डोकं घातलं. बूट सगळे नीट आले का ते बघावं म्हटलं. बराच वेळ बघत होतो. पलीकडच्या सीटवरचा माणूसही माझ्याकडं बघत होता. काय शोधता, म्हणून त्यानं विचारलं. मी आतूनच सांगितलं की मोजून राह्यलो.

सुमननं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"सावकाश मोजा," ती म्हणाली, "अंबड यायला येळ हाय. पन नाक त्या बुटाला पुसू नका, पोरीनं सकाळीच पुसून दिलेत."