सहा कप्प्यांची भेंडी

वहीदने आयुष्यभर कागदाचा आठवा हिस्साच काढला. कैरोतल्या आमच्या तंबूवाल्यांच्या गल्लीत नक्षी अशीच निघते. जाड तपकिरी कागदाला घड्या घालायच्या, वरच्या त्रिकोणावर पेन्सिलीने वेल काढायची, मग लाकडी मुठीत बसवलेल्या सुईने रेघेरेघेवर भोकं पाडत जायचं. कागद उलगडला की उरलेले सात हिस्से आपोआप तयार असतात. तो कापडावर पसरून वरून कोळशाची पूड चोळली की नक्षी कापडावर उतरते, आणि शिवणारे मांडी घालून महिनोन्‌महिने रंगीत तुकडे टाचत बसतात. शिवणाऱ्याचं कौतुक होतं, दुकानदाराचं नाव होतं. कागद कोणी काढला हे कोणी विचारत नाही, आणि तो कागदही दुकानाच्याच मालकीचा असतो.

परवा मला एका कॉलेजने व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय, डिझायनरला प्रेरणा कुठून मिळते. मी फोनवर म्हटलं, वहीद नावाच्या एका माणसाबद्दल बोलेन. तिकडच्या बाई अदबीने म्हणाल्या, "चालेल की, उस्ताजा नग्वा! फक्त मुलांना उभारी येईल असं बोला. शेवट गोड आहे ना?" मी गेलेच नाही. आता घरी बसून लिहिते आहे, आणि शेवट गोड नाही हे आधीच सांगून टाकते.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा एकोणीस वर्षांची होते, कलाशाळेची विद्यार्थिनी. गल्लीत सगळे त्यांना अम्म वहीद म्हणत, म्हणजे वहीदकाका. बुटका, जाड चष्म्याचा माणूस, बोटं कायम काळी. मी वही उघडून उभी राहिले तर समोरच्या दुकानातले शिवणारे खिदळायला लागले. "काय गं, रुखवताची चादर शिवायला आलीस का?" अम्म वहीदने मान वर न करताच उत्तर दिलं, "तुमच्यापेक्षा तिची रेघ सरळ आली तर काय कराल? सुया गिळाल?" आणि सुई माझ्या हातात दिली.

पुढच्या दोन वर्षांत ते जे शिकवत ते कलाशाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. एक गोष्ट तर त्यांनी शंभरदा सांगितली असेल.

"पोरी, घडीत नाही ते नक्षीत नाही. उलगडल्यावर सात हिस्से सारखे आणि एक वेगळा दिसला, तर समजायचं हात घसरला. मग ठिगळ लावायचं, भोकं नीट पाडायची आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. कारागिराची अब्रू आपण झाकायची असते."

मी मान डोलवायचे. हे वाक्य मी आजही झोपेत म्हणून दाखवीन.

दुपारी जेवायला ते मला घरी नेत. त्यांची बायको समीहा दक्षिणेकडच्या मुलखातली, सईदी. ती भेंडी बारीक चिरून, शिजवून रवीने घोटायची, आणि आम्ही भाकरीचे तुकडे तिच्यात बुडवून खायचो. मूलबाळ नव्हतं त्यांना. समीहा सतत बोलायची आणि ते सतत ऐकायचे, इतकाच त्यांचा संसार होता आणि मला त्याचा हेवा वाटायचा.

शिक्षण संपलं तेव्हा माझ्या वडिलांनी सरकारी कचेरीत कारकुनाची जागा बघून ठेवली होती. मी रडत गल्लीत गेले. अम्म वहीद चिडले. "कारकून? या हातांनी? ती कापड छापणारी मोठी कंपनी माणसं घेते आहे, तिथे जा."

"तिथे छापील तंबू करतात. तुमच्या गल्लीच्या पोटावर पाय देतात ते."

"गल्लीचं पोट गल्ली बघेल. आम्ही इथे बसून बसून वाळलो, तू कशाला वाळतेस? जा, आणि मान वर करून काम कर."

माझ्या पाठीवर असा हात त्याआधी कुणी ठेवला नव्हता. मी गेले. आज माझं जे काही नाव आहे, ते त्या दुपारमुळे आहे.

मी कंपनीत लागले त्याच वर्षी उन्हाळ्यात समीहा गेली. स्वयंपाकघरात भेंडी चिरत बसली होती, तशीच कलंडली. त्यानंतर अम्म वहीद कामावर येत, पण जुनेच कागद पुन्हा टोचून देत. बापाच्या वेली, आजाच्या चांदण्या. मला ते बघवेना. एका शुक्रवारी मीच शहाणपण शिकवायला गेले.

"अम्म वहीद, तुम्ही स्वतःचं काहीतरी काढा ना."

"माझं? माझं काय असतं त्यात? मी घडी घालणारा माणूस."

"पन्नास वर्षं दुसऱ्यांचं काढलंत. एक तरी तुमचं हवं. माझ्यासाठी काढा."

ते हसले, खूप दिवसांनी. मीही स्वतःवर खूश होऊन घरी आले. दुसऱ्याला उभारी देणं किती सोपं असतं!

त्यांनी चार महिने घेतले. मला एकदाही दाखवलं नाही. शिवून झालं की बघ, म्हणाले. त्यांना एकच हवं होतं. हाज सुबहीने, ज्याच्या दुकानासाठी ते काढत, त्या नक्षीचा एक पडदा शिवून घ्यावा आणि तो त्यांना समीहाच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर लावता यावा. हाज सुबहीने कागद घेतला, "वा वा, बघू," म्हणून फळीवर ठेवला. शिवणारे तेव्हा निम्मे उरले होते. बाकीचे टुकटुक रिक्षा चालवायला लागले होते, आणि त्याला कारण आमची कंपनी होती.

हिवाळ्यात माझ्या टेबलावर एक काम आलं. गल्लीतल्या एका दुकानदाराने जुने-नवे कागद कंपनीला विकले होते, ते स्कॅन करून संगणकावर आले होते. रमजानआधी छापायचे होते. तिसरी नक्षी उघडली आणि मी खुर्चीत सरळ बसले. भेंडीच्या चकत्या! पाच पाकळ्यांच्या चांदण्या, प्रत्येक कप्प्यात बी, मध्ये देठांची गुंफण. इतकी साधी, इतकी देखणी नक्षी मी त्या गल्लीत पाहिली नव्हती. ती कोणाची हे सांगायला नाव कशाला हवं होतं? मला भरून आलं. मी त्यांना तेव्हाच फोन करायला हवा होता. केला नाही, कारण तेवढ्यात मला ती चूक दिसली.

सात हिस्से सारखे होते. आठव्या हिश्श्यात एका चकतीला पाचाऐवजी सहा कप्पे होते. भोकंही तिथली थोडी वाकडी, थरथरती. मला वाटलं, अरेरे, म्हातारपण. हात घसरला, मोजणी चुकली, आणि चष्म्यातून दिसलंही नाही. कंपनीतल्या साहेबांनी पाहिलं असतं तर हसले असते. मी दार लोटून घेतलं, बिनचूक अष्टमांश उचलला, आठ वेळा फिरवून बसवला आणि जुन्यावरच जतन केला. पाच मिनिटांचं काम. कुणाला सांगितलं नाही. गुरूची अब्रू झाकली म्हणून दिवसभर मला फार बरं वाटत होतं.

साहेबांनी शाबासकी दिली. मूळ कागद रद्दीत गेले.

रमजान आला आणि ती नक्षी अख्ख्या शहरावर चढली. गल्लीच्या तोंडाशी, भाजीच्या गाड्यांवर, चहाच्या टपऱ्यांवर, टुकटुकच्या छपरांवर. मी मिठाई घेऊन... नाही, खोटं कशाला लिहू, मी हात हलवत, मिरवत अम्म वहीदकडे गेले. त्यांना आनंद होईल असं मला खरोखर वाटत होतं. ते गल्लीच्या कमानीखाली उभे होते, मान वर करून, छापील कापडाचा एकेक चौकोन बोटाने मोजत.

"अम्म वहीद! सगळीकडे तुमचंच!"

"ती सापडत नाही गं," ते म्हणाले.

"कोण?"

"सहाची. समीहा भेंडी चिरायची ना, त्यात कधीतरी सहा कप्प्यांची निघायची. महिन्यातून एखादी. मग ती ओरडायची, 'वहीद, धाव, सहाची आली!' आणि ती चकती माझ्या तळहातावर ठेवायची. चाळीस वर्षं ठेवली. मी म्हटलं, घडीतून सगळं काढू, आणि ती तेवढी उलगडल्यावर हाताने टोचू. तेवढं माझं. हात कापत होता, पण टोचली होती मी. आठव्या हिश्श्यात होती."

बोलायची वेळ तीच होती. मी वर बघत राहिले, जणू मीही शोधते आहे.

"कुणीतरी दुरुस्त केलंय," ते म्हणाले. "सफाईने केलंय. ज्याने केलं त्याला चांगलं शिकवलेलं दिसतंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं का? मी ते आजवर हजार वेळा आठवून पाहिलं आहे. मी तेव्हा वर बघत होते. मी भित्री आहे, हे त्या दिवशी मला कळलं.

"मूळ कागद मागून घे ना पोरी कंपनीतून," ते म्हणाले. "निदान तो भिंतीला लावीन."

मी "बघते" म्हटलं. अगदी हाज सुबहीसारखं.

रद्दी केव्हाच गेली होती. पुढचे दोन महिने मी गल्लीकडे फिरकले नाही. कबूल करायला रोज निघायचे आणि रोज कसलं तरी काम काढायचे. त्यांनी सुई पुन्हा हातात धरली नाही, असं मला नंतर समजलं. बकरी ईदच्या आधी समोरच्या दुकानातल्या शिवणाऱ्याचा फोन आला, तोच एकेकाळी खिदळणारा. "उस्ताजा, अम्म वहीद गेले. काल विचारत होते, नग्वा कागद घेऊन आली का म्हणून."

गल्लीच्या बाहेर मातमाचा तंबू ठोकला होता. पूर्वी अशा तंबूची नक्षी हाताने शिवलेली असे. आता तंबू भाड्याचा आणि कापड छापील. पुरुष खुर्च्यांवर बसून साखर न घातलेली कॉफी पीत होते, कुराणाचं पठण चाललं होतं, आणि त्यांच्या डोक्यावर, पाठीमागे, दोन्ही बाजूंना भेंडीच्या चकत्या होत्या. हे कापड कोणाचं, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. बायकांनी तिथे थांबायचं नसतं, वर घरी जायचं असतं. मी दोरीपाशीच उभी राहिले. कंपनीत एखाद्या ताग्यात मूळ नक्षी चुकून छापली गेली असेल, अशी एक वेडी आशा मला वाटत होती, म्हणून मी पहिल्या कोपऱ्यापासून चकत्यांचे कप्पे मोजायला सुरुवात केली.

पाच. पाच. पाच. हाज सुबही येऊन म्हणाला, "बाई, वर जा, लोक बघतायत." मी त्याला म्हटलं थांबा, आणि मोजत राहिले.