वाचून दाखवणारे भगवानराव

आमच्या कोर्टाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर उद्या टेबलावर आणखी एक नोटीस येईल, आणि एक आधीच येऊन पडलेली आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं एक तालुक्याचं कोर्ट, एवढं पुरे. मी करिष्मा, तिथली टायपिस्ट. ज्यांच्याबद्दल सांगतेय ते भगवानराव, आमचे स्टेनो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलतो, न्यायाधीश साहेब ते नीट वाक्यात बसवून सांगतात आणि स्टेनो ते टाईप करतो. कोर्टात कोण काय बोललं याला पुरावा तेवढाच. माणूस घरी जातो, कागद फाईलीत राहतो आणि निकाल त्या कागदावरून लागतो.

त्या कागदाच्या खाली एक शिक्का असतो. 'वाचून दाखविले, बरोबर असल्याचे कबूल केले.' म्हणजे लिहिलेलं साक्षीदाराला वाचून दाखवायचं, तो बरोबर म्हणाला की मगच सही घ्यायची. हे कोणाच्या मनाचं नाही, कायद्यात आहे. आता खरं सांगते, वाचत कोणी नाही. बोर्डावर सत्तर-ऐंशी प्रकरणं असतात. कागद निघाला की पेन हातात द्यायचा, बोटानं जागा दाखवायची. मी तर त्याच्याही पुढची होते. सकाळी आल्या आल्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा घ्यायचा आणि खाली धडाधड शिक्के मारून ठेवायचे. साक्षीदार बिचारा अजून एसटीत उभा असायचा, आणि इकडं त्याचं वाचून, कबूल होऊन सगळं आटपलेलं असायचं. ह्याची तेव्हा मला लाज वाटत नव्हती. कामाला चपळ आहे म्हणून उलट कौतुक व्हायचं.

भगवानराव मात्र वाचायचे. एकतीस वर्षं वाचत आले. रोज बुलढाण्याहून घाट उतरून एसटीनं यायचे, डब्याची पिशवी खिळ्याला अडकवायचे, चष्मा पुसायचे आणि मशीनवर बसायचे. साक्ष संपली की कागद हातात घेऊन उभे राहायचे आणि पहिल्या ओळीपासून वाचायचे, तेही साक्षीदाराला समजेल असं. 'सदर घटनास्थळी' आलं की थांबून म्हणायचे, म्हणजे त्या जागेवर. समोरचा म्हातारा मान हलवायचा, एखादा म्हणायचा की नाही जी, सोमवार नव्हता, मंगळवार होता, मग साहेबांना सांगून ते दुरुस्त व्हायचं. वकील घड्याळ बघायचे. शिपाई म्हणायचा, झालं, बसलं पारायण. आम्ही सगळे हसायचो, मी सगळ्यात मोठ्यानं.

मी एकदा विचारलं होतं, काका, कशाला घसा कोरडा करता? ते चिडले नाहीत. म्हणाले, माणूस रोजी बुडवून येतो, जन्मात एकदा सरकारी कागदावर बोलतो, आणि आपण काय लिहिलं ते त्यालाच ऐकवायचं नाही, ही कुठली रीत? मी हो हो म्हटलं आणि शिक्के मारत बसले.

मग नवे साहेब आले. वाईट नव्हते, तरुण होते, पण महिन्याला किती प्रकरणं निकाली निघाली याचा आकडा वर पाठवावा लागतो आणि आमचा आकडा कमी पडत होता. त्यांनी भगवानरावांना चेंबरमध्ये बोलावून सांगितलं की उद्यापासून वाचायचं नाही, सही घ्यायची आणि पुढची साक्ष. तोंडी सांगितलं. लेखी कसं देणार? कायद्यात वाचायचं असताना वाचू नका असं कोण सही करून देईल? एक आठवडा भगवानरावांनी वाचलं नाही. त्या आठवड्यात त्यांनी डबाही अर्धाच खाल्ला, ते मी पाहिलं.

आणि मग पुष्पाबाईची तारीख लागली. धामणगाव बढेकडची बाई, पंचेचाळिशीची. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं होतं, आणि तिच्या नवऱ्याला त्याच्याच मोठ्या भावानं पाठीमागून फावड्याच्या दांड्यानं मारलं होतं. उजवा हात गेला. हात आहे, पण त्यात भाकरीचा तुकडा धरवत नाही. मार पाठीमागून, त्यामुळं नवऱ्यानं मारणाऱ्याला पाहिलंच नव्हतं. पाहिलं ते फक्त पुष्पाबाईनं. पोलिसात नाव तिच्या भाचीनं सांगितलं होतं, पण ते ऐकीव, कोर्टात पुरत नाही. कोर्टात पाहणाऱ्यानंच सांगावं लागतं. तिची साक्ष गेली तर तो माणूस सुटणार, आणि ह्या दोघांना त्याच्याच भिंतीला भिंत लावून जन्म काढायचा.

सरकारी वकिलांकडं त्या दिवशी दोन कोर्टं होती. त्यांनी विचारलं, कोणी मारलं? आणि त्यांनी पुढच्या प्रकरणाची फाईल उघडली. पुष्पाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. आमच्याकडं बाई भासऱ्याचं नाव घेत नाही. नवऱ्याचा मोठा भाऊ, त्याच्यासमोर मान वर करत नाही, त्याच्या खाटेवर बसत नाही आणि नाव तर मेल्यावरही घेत नाही. त्यानं डोकं फोडलं तरी नाही! ही रीत कोणी काढली त्याला मी शोधते आहे. तर तिनं तोंड उघडलं नाही. पदराखालून हात काढला आणि आरोपीच्या पिंजऱ्याकडं बोट केलं, सरळ. मी पाहिलं. भगवानरावांनी पाहिलं. आरोपीनं पाहिलं आणि खाली बघितलं.

साहेबांची मान फाईलीत होती. त्यांनी विचारलं, नाव सांगा. ती गप्प. परत विचारलं. ती गप्प, बोट तसंच. आणि साहेबांनी मान वर न करता सांगितलं, लिहा, 'मारणाऱ्याचे नाव मला सांगता येत नाही.' भगवानरावांची बोटं एक क्षण थांबली, मग त्यांनी ते टाईप केलं. स्टेनोला आपल्या पदरचा एक शब्द घालता येत नाही. आरोपीचे वकील इतके खूश झाले की उलटतपास नाही म्हणून बसून गेले. कागद निघाला, खाली माझा सकाळचा शिक्का होताच. मी पेन पुढं केला.

भगवानरावांनी माझ्या हातातून कागद काढून घेतला, चष्मा लावला आणि वाचायला लागले. साहेबांनी आता वर पाहिलं. सगळं कोर्ट बघत होतं. ते त्या ओळीपाशी आले, ती सावकाश वाचली आणि दर साक्षीदाराला विचारायचे तेच विचारलं, बरोबर आहे का बाई?

"नाई जी," पुष्पाबाई म्हणाली. "म्या दाखवलं ना. भासऱ्याचं नाव कसं घेऊ? हे उभे हायेत ना, त्याईनंच मारलं."

आरोपीचे वकील ताडकन उठले. स्टेनोनं साक्षीदाराला शिकवलं म्हणे! अरे, लिहिलेलं वाचलं तर शिकवलं? साहेबांनी फाईल मिटली. मग त्यांनी तिला परत बोट दाखवायला सांगितलं, ह्यावेळी पाहिलं आणि लिहून घेतलं की साक्षीदारानं कोर्टात हजर असलेल्या आरोपीकडं बोट दाखवून ओळखलं. एवढं श्रेय त्यांचं. पण वकिलांनी तक्रार वर केली, आणि महिनाभरात भगवानरावांना नोटीस आली. आदेश डावलला, कामकाजात अडथळा आणला, साक्षीदारास सूचना दिली. संताप होतो की नाही? कायद्यानं सांगितलेलं काम एकतीस वर्षांत ज्या एकट्या माणसानं केलं, त्यालाच नोटीस. मी रोज दहा खोटे शिक्के मारत होते, मला कोणी काही विचारलं नाही.

चौकशीला वरून एक अधिकारी आले. रेकॉर्ड रूममध्ये टेबल मांडलं, टाईप करायला मी. त्यांनी विचारलं, मनाई असताना वाचलं का? भगवानराव म्हणाले, हो, वाचलं, वाचायचंच असतं. एवढंच बोलले. अधिकाऱ्यांनी मला सांगितलं, लिहा, 'मी आदेशाचा भंग केला हे मला मान्य असून त्याबद्दल मी दिलगीर आहे.' आणि मी लिहिलं. भगवानरावांची बोटं पुष्पाबाईच्या वेळी निदान थांबली तरी होती. माझी तेवढीसुद्धा थांबली नाहीत. कागद काढला, सकाळच्या गठ्ठ्यातलाच होता तो, खाली शिक्का मारलेला. अधिकाऱ्यांनी पेन पुढं केला.

भगवानरावांनी पेन घेतला नाही. माझ्याकडं बघून म्हणाले, "करिष्मा, वाच बाई."

अधिकारी म्हणाले, त्याची गरज नाही, तुमच्या समोरच तर लिहिलंय. भगवानरावांनी शिक्क्यावर बोट ठेवलं. "हे खाली लिवलं हाय ना साहेब, वाचून दाखवलं म्हणून. मंग वाचू द्या तिले."

मी उभी राहिले. चार वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदा एखाद्या माणसाला त्याचं बोलणं वाचून दाखवत होते, आणि ते त्याचं बोलणं नव्हतं. त्या ओळीपाशी मी आले. तीही वाचली. मग त्यांनी मला विचारलं, "हे म्या म्हणलं का?"

मी म्हटलं, नाही काका, तुम्ही असं म्हणाला नाहीत. अधिकाऱ्यांकडं बघून परत म्हटलं. ती ओळ कापावी लागली.

तरी बदली झालीच. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेल्या माणसाला जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला टाकलं. आता पहाटे पाचची गाडी धरतात, घरी येईस्तोवर रात्र होते. निरोप समारंभ नको म्हणाले. जाताना त्यांनी खिळ्यावरची पिशवी काढली आणि शिक्क्याची डबी माझ्या टेबलावरून उचलून कपाटात ठेवून दिली. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

गेल्या आठवड्यात निकाल लागला. दोन वर्षं शिक्षा. निकालपत्रात पुष्पाबाईच्या ओळखीवर अख्खं पान आहे, स्टेनोबद्दल त्यात एक शब्द नाही. मारणाऱ्या भासऱ्याचं नाव राजकुमार. पुष्पाबाई घेत नाही, मी घेते.

ती व्हरांड्यात मला शोधत आली. नवरा मागं उभा होता, डाव्या हातानं उजवा हात धरून. ते वाचणारे कुठं आहेत, तिनं विचारलं. मी म्हटलं, बदली झाली.

"काऊन?"

शासकीय कारण सांगता आलं असतं. नाही सांगितलं. "तुमचं वाचलं म्हणून," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू ते माझ्याच हातानं झालं असावं. मग त्यांचं नाव विचारलं. मी सांगितलं. तिनं ते तिथंच दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं, "भगवानराव, भगवानराव," आणि नवऱ्याला घेऊन स्टँडकडं निघाली.

माझी नोटीस त्यानंतर तीन दिवसांनी आली. चौकशीच्या कामात असहकार्य केलं म्हणे. उत्तर द्यायला सात दिवस आहेत, त्यातले चार गेले. आज कोर्टात अकरा साक्षी होत्या. शिक्का कपाटातच होता, कागद कोरे होते. मी अकराही वाचल्या, आणि शिपाई मागून म्हणाला, बसलं पारायण.