मिठाच्या ग्रहावरची खूण

आपलं यान चंद्राकडे गेलं, त्याच्या पुढच्या गणपतीत पनवेलमधल्या एकूणएक मंडळाला अंतराळ सुचलं. आमच्या मंडळाला ते सगळ्यांच्या मागून सुचलं, त्यामुळे नुसत्या यानावर भागेना. सेक्रेटरी म्हणाला, "सर, यान सगळेच दाखवणार. आपल्याला स्टोरी पाहिजे." मी शाळेत मराठी शिकवायचो आणि मंडळाच्या हलत्या देखाव्याचे संवाद लिहून द्यायचो, म्हणजे ही कटकट माझ्याच गळ्यात पडणार होती. आदल्या वर्षी आम्ही पाणी वाचवलं होतं, त्याच्या आदल्या वर्षी मुलगी. वाचवण्यासारखं आता काही शिल्लक नव्हतं.

देखावा उभा करायचं काम पेणच्या एका ठेकेदाराकडे असायचं. त्याचा एक मजूर श्रावणभर मांडवातच मुक्काम ठोकून असे. पस्तिशीचा, सडपातळ, बोलायला कमी. पुतळ्यांचे हात हलवायच्या मोटारी बसवणं, पत्रे कापणं, थर्माकोल घासणं, जे पडेल ते काम तो करायचा. बाकीचे मजूर सणाला घरी पळायचे, हा जायचा नाही. एका दुपारी पाऊस ताडपत्रीवर आपटत होता, वीज गेली होती आणि आम्ही दोघंच चहा घेत बसलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्याला गाव विचारलं.

"गाव नाय मास्तर. मिठागर," तो म्हणाला.

मग तो बोलत गेला. उलव्याच्या बाजूला एका मिठागरावर त्याचा जन्म झाला. बाप आठवत नव्हता. आई डोक्यावर टोपली घेऊन मीठ वाहायची. हा लहान असताना तिला ताप आला आणि तो उतरेना. गाडीतून दवाखान्यात न्यायच्या आधी तिनं पायातले चांदीचे तोडे काढले, एका मडक्यात ठेवले आणि त्याच्यादेखत मिठागराच्या बांधात पुरले. आल्यावर काढू म्हणाली. ती आलीच नाही. आपटा गावच्या एका लांबच्या आत्यानं त्याला नेलं, चार वर्षं गुरांमागे फिरवलं आणि मग वीटभट्टीवर लावून दिलं. तोड्यांचं सांगितलं की आत्या हसायची. मिठागरावरच्या बाईच्या पायात कसली चांदी, म्हणायची.

"पण होते," तो म्हणाला. "एका तोड्याला पोचा होता. मी त्याच्यावर दगड पाडलेला. आयनं मना मारला होता त्यापायी."

"मग अजून काढले का नाहीस?"

त्यानं माझ्याकडे जरा आश्चर्यानंच बघितलं. मिठागराच्या बांधाला फावडं लावायचं नसतं. खाडीचं पाणी आत शिरलं तर अख्खा हंगाम जातो. एकदा तो तिथं गेला होता, तर राखणदारानं त्याला काठीनं बडवून काढलं होतं. पण गेल्या उन्हाळ्यात मिठागरच बंद झालं. जमीन इमारतींसाठी गेली, राखणदार गेला, एका टोकाकडून मुरमाचे डंपर भराव टाकत येत होते. आता पावसात सगळीकडे पाणी. "दिवाली जाली का सुकंल. डंपर तवर येत नाय तिकरं. मंग जातो," तो म्हणाला. मिठागर बंद होणं आणि भराव पडणं, ह्यांच्यामध्ये त्याच्या वाट्याला तेवढा एकच हिवाळा आला होता.

मला त्याचं फार वाईट वाटलं, हे खरंच आहे. पण वाईट वाटायच्या आधी मला आनंद झाला होता, हेही खरं आहे. स्टोरी मिळाली होती.

तुझी गोष्ट घेऊ का, असं मी त्याला रीतसर विचारलं. "घ्या की," तो म्हणाला. मास्तरनं विचारलं तर दुसरं काय म्हणणार होता? दोन दिवसांत मी लिहून काढलं. मालवाहू यानावर हमाली करणारा एक अनाथ मजूर. त्याच्या आईनं एका ग्रहावर खजिना पुरून ठेवलेला. तो ग्रह सगळा मिठाचा, पांढराशुभ्र, चकचकीत. कप्तान लोभी, त्यालाही खजिना पाहिजे. शेवटी मजूर तो शोधतो, पेटी उघडते, आतून पिवळा उजेड पडतो आणि आकाशातून आईचा आवाज येतो. त्या आवाजाच्या तोंडी श्रम हाच खरा खजिना असलं एक वाक्य मी घातलं, कारण परीक्षकांना संदेश लागतो.

सेक्रेटरीला सगळं आवडलं, फक्त शोध आवडला नाही. "सर, तो जातो आणि लगेच खणतो. खजिना म्हटला की खूण पाहिजे." मी तीन खुणा रचून बघितल्या. जांभळा खडक, जुळे चंद्र आणि असंच काहीतरी. वाचताना माझ्याच तोंडाची चव गेली. मग त्या दुपारी मजुरानं तोड्यांच्या जागेची जी खूण सांगितली होती, ती मी जशीच्या तशी घातली. खाडीचं पाणी आत घ्यायला आणि सोडायला बांधात जे दार असतं त्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात. उघाडीपासून पुढे जिथे दोन बांध मिळतात, तिथे भेंडीचं झाड, त्याच्या मुळात, खाडीच्या अंगाला. परग्रहावर उघाडी कशी आणि खाडीकाठचं भेंडीचं झाड कसं, हा प्रश्न मला पडला नाही. वाक्य वाचताना कान सुखावत होते, एवढं मला पुरलं.

ध्वनिमुद्रण झालं, आईचा आवाज माझ्या बायकोनं दिला. मांडवात पहिल्यांदा सीडी लावली तेव्हा तो शिडीवर होता. खाली उतरून त्यानं हात पुसत सगळं ऐकलं. मी वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू, कौतुकाचीच. तो म्हणाला, "माजी आय यवरी गोड नाय बोलायची." आणि मग जरा थांबून, "खूण तीच ठेवलीत?"

"अरे, ग्रहावरची गोष्ट आहे ती. कोणाला कळतंय?"

"तुमाला वाटतंय तर असू दे," तो म्हणाला आणि परत शिडीवर चढला.

तो विचारत होता ती एक ओळ बदलायची गोष्ट होती. पण त्यासाठी स्टुडिओत परत जायचं, बायकोला परत तयार करायचं, सेक्रेटरीची कुरकुर ऐकायची. आणि ती ओळ मला आवडली होती. ह्या सगळ्यात हे शेवटचं कारण सगळ्यात मोठं होतं, हे तेव्हाही मला आतून ठाऊक होतं.

देखावा गाजला. रांगा लागल्या. उलवे, गव्हाण, तळोजा, सगळीकडून माणसं आली. शेवटी पेटी उघडली की बायका पदरानं डोळे टिपायच्या आणि मी मागे खुर्चीवर बसून ते बघायचो. खाडीकडच्या गावातला एक म्हातारा तर मला शोधत आला आणि म्हणाला, "मास्तर, ही उघाडी आमच्या वलखीची हाय. आमच्या बापानी तिथं मीठ वडलंय." मी त्याला बसवलं, चहा पाजला, शेजारच्या दोन कार्यकर्त्यांना बोलावून ऐकवलं. लेखकाला ह्याहून मोठं बक्षीस कुठलं, असंही बहुतेक म्हणालो. आपण काय करतोय हे समजण्याइतकी अक्कल त्या वेळी माझ्यात नव्हती. मी फुगलो होतो.

तो मजूर दिवसभर मोटारींजवळ बसायचा. दर खेळाला त्याच्याच आईचे तोडे माझ्या बायकोच्या आवाजात सापडत होते आणि तो वायरी तापल्या का हे हात लावून बघत होता.

विसर्जनानंतरच्या रविवारी मंडळाचा श्रमपरिहार होता. मटणाच्या पंगतीत ते दोघं कार्यकर्ते माझ्या शेजारी येऊन बसले. एक हसत म्हणाला, "सर, आम्ही खजिना खणून आलो."

मला आधी थट्टाच वाटली. पण त्यांनी खरंच बाईक काढली होती, त्या म्हाताऱ्याकडून वाट विचारून घेतली होती आणि पाऊस उघडलेला बघून फावडी घेऊन गेले होते. "भेंडी हाय तिथं, तुमी लिवलीय तशी. कंबरेएवरा खणला आमी. चिखल नि मुळ्या. खापरीचा तुकरा पन नाय." दुसऱ्यानं हाताला आलेले फोड दाखवले. आजूबाजूचे सगळे हसले. सर, तुमचा खजिना फुसका निघाला, असं कोणीतरी म्हणालं, आणि मीही हसलो. काय करावं ते न सुचल्यावर माणूस हसतो तसा.

ते खोटं बोलत होते का? मी त्या दोघांना शाळेत शिकवलं होतं. त्यातल्या एकाच्या तोंडात तीळ भिजत नाही. चांदी सापडली असती तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या पनवेलला कळलं असतं. तिथे काही नव्हतं. आईनं पुरलेलं पुराच्या पाण्यानं नेलं असेल, राखणदारानं कधीच काढलं असेल, किंवा आत्या म्हणायची तेच खरं असेल. तापलेल्या बाईनं रडत्या मुलाला गप्प करायला रिकामं मडकंही पुरलं असेल. पण मग मडकं तरी सापडायला हवं होतं.

त्याचा फोन नंबर माझ्याकडे होता. उद्या करू, असं मी रोज ठरवलं. जाऊ नकोस, तिथे खड्डा आहे, आणि तो माझ्यामुळे आहे, एवढंच सांगायचं होतं. वर्गात चाळीस पोरांसमोर घसा फोडून बोलणारा मी, फोन हातात घेऊन बसायचो आणि ठेवून द्यायचो. त्याला कुठून कळणार, असा एक नीच विचारही मनात येऊन गेला. मग सहामाही परीक्षेचे पेपर आले, फराळाचं सामान आलं, आणि मी स्वतःला त्यात गुंतवून घेतलं.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी तो माझ्या दारात उभा होता. गुडघ्यापर्यंतचा चिखल वाळून पांढरा पडला होता. बायकोनं आत बोलावलं, तो आला नाही. लादी खराब होईल म्हणाला आणि पायरीवरच बसला. मी त्याच्या शेजारी बसलो. शिव्या घातल्या तर बरं, असं वाटत होतं.

"खड्डा हाय तिथं," तो म्हणाला.

मी पायरीवरची माती बोटानं झाडू लागलो.

"मोटा खड्डा. माज्या आदी कोन तरी गेला. तुमची गोष्ट आयकून गेला असंल."

"माझं चुकलं," मी म्हणालो. "तू विचारलं होतंस. मी बदलायला हवं होतं."

त्यानं मान हलवली, पण ते त्याच्या कानात शिरल्यासारखं दिसलं नाही. तो वेगळ्याच विचारात होता. "मास्तर, नेला मंजे होता," तो म्हणाला. "आत्या बोलायची, तुजी आय खोटी बोलली. मना पन कवा कवा वाटायचा, मी लहान होतो, मनाच सपान परला असंल. आता कलला. काय नसता तर यवरा कोन खणंल?" आणि तो माझ्याकडे बघून हसला. इतक्या दिवसांत मी त्याला हसताना बघितलं नव्हतं. "होते ना मास्तर?"

खरं काय ते माझ्या जिभेवर होतं. खणणारे कोण, त्यांची घरं कुठली, त्यांना काय सापडलं, सगळं. सांगितलं असतं तर त्याची आई खोटी ठरली असती. न सांगावं तर ज्या चोरीत काही चोरीलाच गेलं नाही, तिच्या मागे हा माणूस जन्मभर राहणार. मी मास्तर होतो, दिवसभर पोरांना खरं बोला म्हणून सांगत होतो.

"होते," मी म्हणालो. "होतेच."

त्याला बरं वाटलं. मग चहाही घेतला त्यानं, कपाला चिखल लागणार नाही असा सांभाळून.

पुढे डंपर तिथवर पोचले. आता त्या जागी रस्ता आहे की इमारत, हे मलाही नक्की सांगता येणार नाही. मी मंडळासाठी लिहिणं सोडलं. कारण विचारलं की तब्येतीचं सांगतो.

तो अधूनमधून मला पनवेलच्या मासळीबाजारात दिसायचा. एकदा माझ्या लक्षात आलं, की हा चालताना वर बघतच नाही. बाजारात बसलेल्या, उभ्या, चालणाऱ्या सगळ्या बायकांच्या पायांकडे त्याची नजर असते. एका कोळणीनं त्याला त्यावरून खडसावलंही होतं. मी हाक मारली तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "पोचा परलेला तोडा बगतो मास्तर. नेलाय मंजे घातला असंल कोनी तरी. हितंच असंल."

"असेल," मी म्हणालो.

तेव्हापासून बाजारात माझीही नजर खाली जाते. त्या दोन पोरांनी मला फसवलं असेल, श्रमपरिहाराच्या पंगतीत बसून माझ्या तोंडावर खोटं बोलले असतील, एवढी एकच आशा मला उरली आहे. मीच शिकवलेली पोरं चोर निघावीत म्हणून पिशवी हातात धरून मी परक्या बायकांचे पाय बघत चालतो.